कांचनजंगाचा अदब

सिक्कीमला जाणारे बहुतेक पर्यटक गंगटोक आणि नथुला पाहून परततात. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे मात्र पश्चिम सिक्कीममधल्या युक्सम गावी दोन दिवस राहिलो. सिलिगुडीहून जीपने जवळपास पूर्ण दिवस लागतो, पण थकवा भरून निघतो.

कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानाची पायवाट या गावातून सुरू होते. १९७७ साली स्थापन झालेल्या या उद्यानाला २०१६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही कारणांसाठी हा मान मिळवणारे भारतातले हे पहिलेच ठिकाण. उद्यानाच्या खालच्या भागात दमट, घनदाट जंगल आहे, तर वर ८५८६ मीटर उंचीचे, कायम बर्फात असलेले कांचनजंगा शिखर. लाल पांडा आणि हिमबिबट्या दोघांचेही हे घर.

युक्सममध्ये नोरबुगांग नावाची जागा आहे. १६४२ साली तीन लामांनी इथे सिक्कीमच्या पहिल्या राजाचा राज्याभिषेक केला. ते दगडी आसन आजही उंच झाडाखाली आहे. तिथे आलेली माणसे आपोआप हळू बोलतात. मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या पायरीवर आपला आवाज जसा उतरतो, तसाच.

दुसऱ्या दिवशी परवाना काढून वाटाड्यासोबत जंगलात थोडे अंतर चाललो. सामान लादलेले झो, म्हणजे याक आणि गाईच्या संकरातले जनावर, घंटा वाजवत पुढे जात होते. मुलाने विचारले, ‘‘हे शिखर पहिल्यांदा कोणी जिंकलं?’’ वाटाड्या हसला. त्याने सांगितले ते असे: १९५५ मध्ये जो ब्राउन आणि जॉर्ज बँड नेपाळच्या बाजूने वर पोहोचले आणि माथ्याच्या काही पावले अलीकडेच थांबले. सिक्कीमचे लोक या पर्वताला पवित्र रक्षक मानतात, म्हणून माथ्यावर पाय ठेवणार नाही, असा शब्द त्यांनी दिला होता. १९७७ मध्ये सिक्कीमच्या बाजूने चढलेल्या भारतीय सैन्याच्या तुकडीनेही तो मान राखला.

‘‘मग ते हरले का?’’ मुलाचा पुढचा प्रश्न.

शिक्षिका म्हणून हा प्रश्न मला लागला. शिखर ‘सर केले’, ‘पादाक्रांत केले’ असेच आपण वर्गात शिकवतो. पादाक्रांत म्हणजे पायाखाली घातलेले. इतके कष्ट करून, पोहोचता येत असताना, दुसऱ्याच्या श्रद्धेसाठी थांबणे याला मात्र आपल्या धड्यांत शब्द नाही. आपल्या घरांत आहे: अदब.

युक्समच्या लोकांनी हाच आग्रह नदीसाठीही धरला. पवित्र मानलेल्या रातोंग छू नदीवरचा वीजप्रकल्प विरोधामुळे १९९७ मध्ये रद्द झाला. तिचे पाणी आजही खळाळत वाहते.

जायचे असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा, आकाश स्वच्छ असते. गरम कपडे न्या. सोबत नेलेले प्लास्टिक परत आणा. आणि मुलांना नक्की न्या.