चढले ते उतरेल

भिलाईत राहून लाकडी कपाट शोधीत हिंडणे म्हणजे गंगेच्या काठी बसून विहीर खणण्यासारखे आहे, असा अभिप्राय आमच्या कचेरीतील बहुतेक सहकाऱ्यांनी दिला. ज्या गावाची ओळखच पोलाद, जेथे 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तेथे लाकूड कशाला? यावर आम्ही कारकुनाला शोभेल असे उत्तर दिले. भिलाईचा कारखाना आगगाडीचे रूळ काढतो, जाड प्लेटा काढतो. तो काही कपाटाच्या पातळ पत्र्यासाठी प्रसिद्ध नाही. तेव्हा पोलादी कपाट घेतल्याने गावाचा अभिमान राखला जातो, असे मुळीच नाही. उत्तर बिनतोड होते. पण खरे कारण ते नव्हते.

खरे कारण आमच्या आईची ट्रंक हे होते. नागपूरच्या महालातील आमचे घर तीन वर्षांपूर्वी विकले गेले आणि आई आमच्याकडे भिलाईस आली, ती एवढी एक ट्रंक घेऊन. ती पलंगाखाली ठेवलेली असे. रोज सकाळी आई गुडघ्यावर हात टेकून खाली वाकायची, ट्रंक ओढायची, लुगडे काढायची आणि पुन्हा आत ढकलायची. कपाटाची गोष्ट काढली की म्हणायची, "कपाट कशाला? पेटी पुरे."

पूर्वी तिला कपाट होते. आजोबांनी 1947 साली कामठीच्या छावणीतून मायदेशी परतणाऱ्या कोणा साहेबाच्या सामानाच्या विक्रीतून ते घेतले होते. माथ्यावर कोरीव मुकुट, दोन उंच दारे, आत बिलोरी आरसा. तो पुढे काळ्या ठिपक्यांनी भरून गेला. आई लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी त्यातला मधला कप्पा तिला दिला. एवढ्या मोठ्या एकत्र कुटुंबात तिचे स्वतःचे म्हणावे असे तेवढेच होते.

घर विकले तेव्हा ते कपाट माडीवर होते. आम्ही फीत घेऊन मोजणी केली. कपाटाची रुंदी साडेचार फूट, जिना अडीच फूट. आम्ही पदवीधर, वजाबाकी आम्हांस येते. "आई, हे खाली येणे अशक्य आहे," असे आम्ही जाहीर केले. आई एवढेच म्हणाली, "चढलं ते उतरेल." आम्ही ते म्हाताऱ्या माणसाचे बोलणे समजून सोडून दिले आणि कपाट घराबरोबर गेले.

तेव्हा, पोलादी कपाटासाठी वर्षभर बाजूला टाकलेली रक्कम आम्ही तशाच एका जुन्या विलायती कपाटावर घालण्याचा निश्चय केला. आमच्या सौभाग्यवतींनी विरोध केला नाही. "अहो, पण पाहून घ्या," एवढेच बजावले. पाहायचे काय, हे मात्र आम्हांस शिकावे लागले.

पहिला धडा वयाचा. 1972 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे सामान्यतः शंभर वर्षे पुरी झाल्याखेरीज कोणतीही वस्तू पुरावशेष ठरत नाही, आणि या व्यापारातही प्राचीनतेची तीच मर्यादा मानतात. त्याखालचे ते नुसते जुने. दुसरा धडा कुळाचा. ज्यास बाजारात 'विलायती' म्हणतात त्यातील पुष्कळ कपाटे विलायतेत झालेलीच नाहीत. नमुना युरोपचा, सागवान ब्रह्मदेशाचे आणि हात मुंबईच्या सुतारांचे, असा तो संगम असतो. आम्हांस प्रथम ही फसवणूक वाटली. मग ध्यानात आले की छत्तीसगडच्या वाळवीपुढे पाइन किंवा अक्रोड टिकणे कठीण; सागवानाची गोष्ट निराळी. येथे संकरच कुलीन.

तिसरा धडा हवामानाचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि महिन्याभरात पाऊस सुरू होतो. लाकूड आकसते आणि फुगते. जुन्या चांगल्या कपाटाच्या दारात चौकटीच्या खाचेत फळी नुसती बसवलेली असते, सरसाने चिकटवलेली नसते. म्हणून तिला हलायला जागा राहते. अशी फळी किंचित खुळखुळते. ती खिळ्याने पक्की करून देतो असे कोणी म्हणाले तर नमस्कार करून बाहेर पडावे, कारण पुढच्या उन्हाळ्यात ती उभी चिरणार. उलट हलक्या लाकडावर भारी लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असेल, तर जुना सरस ओलीने सुटतो आणि पापुद्रा पापडासारखा फुगतो. कपाटाची पाठ व खणांचा तळ पाहावा. तेथे सुताराने लपवाछपवी केलेली नसते. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली तर एवढ्याने घाबरू नये, पण खाली ताजी पिठूळ भुकटी दिसली तर कीड अजून जिवंत आहे असे समजावे.

आणि चकाकी? तिने आम्हांस खरोखर चकित केले. युरोपात एकोणिसाव्या शतकात ज्या 'फ्रेंच पॉलिश'ने कपाटे आरशासारखी झळकू लागली, ते म्हणजे स्पिरिटात विरघळवलेली लाख. ही लाख तयार करणारे किडे आमच्या छत्तीसगडच्या जंगलांत कुसुम, पळस आणि बोरीच्या फांद्यांवर पोसले जातात. आडबाजूस स्पिरिटाचा बोळा लावून पाहिल्यास खरी लाख चिकट होते. हल्लीचे पुष्कळसे रोगण तसेच राहते.

गेल्या हिवाळ्यात दादरच्या एका लग्नाच्या निमित्ताने मुंबईस जाणे झाले आणि एका सकाळी आम्ही उभयता मटन स्ट्रीटवरच्या चोरबाजारात शिरलो. पहिल्या दुकानात एका फ्रेंच कपाटाने आमचे मन हरपले. मुकुट, वेलबुट्टी, सिंहाचे पंजे, सारे काही होते. दुकानदार त्यास दीडशे वर्षांचे म्हणत होता. सौभाग्यवतींनी मागे जाऊन पाहिले आणि आमच्या कानात म्हणाल्या, "अहो, पाठीला प्लायवूड आहे." दीडशे वर्षांच्या त्या वृद्धाचा आम्ही निरोप घेतला.

दुसऱ्या ठिकाणी एक साधे सागवानी कपाट होते. नक्षी बेताची, आरसा नाही. ते आम्हांस आवडले. परंतु आमच्या क्वार्टरचा दरवाजा तीन फुटांचा. आम्ही खिशातून फीत काढली. तेथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने ती पाहिली आणि हसून म्हटले, "साब, फीता रहने दो. यह तो खुल जाता है."

त्याने आतून दोन पाचरी काढल्या आणि मुकुट टोपीसारखा उचलला. दारे खिळीवरून वर उचलून बाजूस ठेवली. मग पाठीच्या फळ्या खाचेतून सरकल्या, दोन्ही बाजू सुटल्या आणि खाली नुसते तळाचे जोते उरले. दहा मिनिटेही लागली नसतील. एकही खिळा निघाला नाही, कारण एकही नव्हता. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात पटाशीने खुणा केलेल्या होत्या: एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. विलायतेतली मोठी कपाटे पुष्कळदा अशीच बांधीत, असे आम्ही पुढे वाचले. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात मुलीच्या लग्नात कबुतरांची जोडी आणि फुलांच्या परड्या कोरलेले कपाट देण्याची चाल होती. मुलीबरोबर तेही सासरी जावयाचे. मग ते उकलल्यावाचून कसे जाणार?

सौभाग्यवती भावाची घासाघीस करू लागल्या. आम्ही मात्र त्या तीन रेघांकडे पाहत उभे होतो. आमच्या डोळ्यांपुढे महालातला अडीच फुटी जिना होता.

कपाट मालमोटारीने भिलाईस आले. त्या रात्री आम्ही आईस सर्व सांगितले. आमचे म्हणणे एवढेच होते की, आपले कपाट उतरले असते. चूक आमची झाली. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सासूबाई सांगायच्या. मुकुट आधी वर नेला, मग दारं. चार गडी लागले होते."

"मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले की. तू मोजत होतास."

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

आमचे हिंदी भाषक शेजारी कपाट पाहावयास आले. ते त्यास 'अलमारी' म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांनी आणला. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ शस्त्रे वा अवजारे ठेवण्याची जागा, आणि फ्रेंचांचा 'आर्म्वार' त्याच घराण्यातला. आपला 'कपाट' संस्कृतातला, आणि तेथे त्याचा अर्थ दाराची फळी. बदरीनाथाची कपाटे उघडली, असे वर्तमानपत्रात येते तो हाच अर्थ. त्यांनी आत काय ठेवायचे त्यावरून नाव दिले. आपण जे मिटून घेता येते त्यावरून दिले. आईचे जे नागपुरास राहिले ते नुसते लाकूड नव्हते, हे आम्हांस या शब्दाने उशिरा शिकविले.

आईने मधला कप्पा घेतला. बाकीचे सूनबाईचे, असे तिने आपणच ठरवून टाकले. आता सकाळी तिला वाकावे लागत नाही. दार उघडल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येतो. परवा तिने विचारले, "तुझी बदली झाली तर हे बरोबर येईल ना?"

आम्ही म्हणालो, "चढले ते उतरेल."

पलंगाखालची ट्रंक आम्ही काढून टाकणार होतो. आईने काढू दिली नाही. तिच्यात आता एक लाकडी हातोडी आणि दोन जादा पाचरी आहेत. कोणता तुकडा आधी काढावा याची आमच्या हस्ताक्षरातील क्रमवार यादीही आहे, नियमाप्रमाणे तीन प्रतींत.