खळखळाट

गाणं संपलं असं वाटतं आणि मग आणखी एक ठोका पडतो. ‘लो’ या बँडचा पहिला अल्बम, १९९४चा ‘आय कुड लिव्ह इन होप’, ऐकताना हे इतक्यांदा होतं की शेवटी मी संपण्याची वाट बघायचंच सोडून देतो. माणसं तीन. ॲलन स्पारहॉकची गिटार, एक बास, आणि स्पारहॉकची बायको मिमी पार्कर. ती उभ्याने, मोजक्याच ड्रमांवर हलक्या हाताने वाजवते. गाण्यांची नावंही एकेका शब्दाची. अमेरिकेत तेव्हा ग्रंजचा दणदणाट होता. यांचं उलटंच: प्रेक्षक गप्पा मारू लागले की हे आवाज आणखी कमी करत.

आजी म्हणाली असती, उथळ पाण्याला खळखळाट फार. पण म्हणून खोल पाणी गप्प असतं? हा बँड मिनेसोटातल्या डुलुथचा, लेक सुपीरियरच्या काठचा. ते सरोवर ४०६ मीटर खोल आहे, आणि १० नोव्हेंबर १९७५च्या वादळात ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे मालवाहू जहाज २९ माणसांसकट त्याच्या पोटात गेलं. त्या रात्री ते काही गप्प नसणार.

खरं तर आजीने ती म्हण काकूसाठी राखून ठेवली होती. काकूचं तोंड दिवसभर चालू. अण्णाकाका ओसरीवर बसून अडकित्त्यात सुपारी धरायचे. बराच वेळ काहीच नाही, मग एकदम कट्. मी खांबाला टेकून पुढच्या कट्ची वाट बघत बसायचो. घरात सगळे म्हणत, अण्णा खोल माणूस. ते गेल्यावर त्यांची पेटी उघडली तर शेतसाऱ्याच्या पावत्या आणि एक बंद पडलेलं घड्याळ, बस्स. काकूच्या बडबडीत निदान गावातल्या प्रत्येकाचं दुखणंखुपणं तरी होतं.

मिमी पार्कर ५ नोव्हेंबर २०२२ला गेली. तेव्हापासून दोन ठोक्यांमधली जागा मला भरलेली वाटते. ती त्यांनी भरून ठेवली होती की मीच भरतोय? अण्णांच्या बाबतीतही आम्ही तेच केलं असेल का?

काल रात्री नीट ऐकू यावं म्हणून पंखा बंद केला. खाली रस्त्यावर कुणीतरी बाई फोनवर मोठमोठ्याने बोलत होती. गाणं चालूच होतं, पण मी तिचंच ऐकत बसलो.