अंगठ्याखालचं ऑर्किड

जुन्या चिनी गुडगुड्या काचेच्या कपाटात उभ्या दिसल्या की वाईट वाटतं. ही वस्तू मुठीत धरायची. आपल्या हुक्क्यासारखी ती जमिनीवर ठाण मांडून बसत नाही. खाली हातात मावेल एवढं कोंदण, त्यात शेजारी शेजारी दोन डबे, एक पाण्याचा, एक तंबाखूचा. वर बगळ्याच्या मानेसारखी वाकलेली लांब नळी. चिमट्याला आणि इवल्याशा कुंचल्यालाही आपापली भोकं.

छिंग राजवटीच्या उत्तरार्धात या गुडगुड्या चीनभर पसरल्या. त्यांत लांझोउची बारीक कातरलेली तंबाखू वाटाण्याएवढीच भरायची. दोन-तीन झुरक्यांत ती संपते. मग तंबाखू भरायची छोटी नळी वर उचलून राख फुंकायची, पुन्हा भरायची, धुमसती कागदाची सुरळी फुंकर घालून पेटवायची. राजमाता त्सिशीच्या दिमतीला यासाठी दासी असत. बाकीच्यांचे हात सतत याच कामात. इतका वेळ हातात राहणारी वस्तू सुंदर असायलाच हवी, हे त्या कारागिरांनी किती नेमकं ओळखलं!

धातू बहुधा पांढरं तांबं, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. निकेलचं खनिज युन्नानचं. युरोपला या धातूची भुरळ पडली आणि १८२०च्या दशकात जर्मनांनी त्याची नक्कल साधली. हळदीकुंकवाच्या वाणात येणाऱ्या जर्मन सिल्व्हरच्या करंड्यांचं मूळ असं चीनपर्यंत पोचतं.

काहींच्या कोंदणावर मिनाकारी असते: तांब्याच्या तारा वळवून आखलेल्या घरांत निळा, हिरवा, लाल रंग भाजून बसवलेला. डोळा आधी तिकडे जातो. माझं मन मात्र नुसत्या कोरीव कामावर रमतं. प्लम, ऑर्किड, बांबू, शेवंती ही चिनी चित्रकारांची लाडकी चौकडी. ऑर्किडचं पान बुडाशी बारीक, मध्ये रुंद, टोकाला पुन्हा निमुळतं. कुंचल्याचा दाब पोलादी सळईनं धातूत उतरवलेला. शेजारी कवितेच्या दोन ओळी. अंगठा टेकायचा तिथलं पान अर्धं पुसलेलं.

विक्रेते या गुडगुड्या अफूच्या म्हणून खपवतात, हा अन्याय आहे. अफूची नळी लांब, सरळ, बिनपाण्याची. ती दिव्यावर धरून, आडवं पडून ओढत. त्याहून वाईट म्हणजे त्यांना चकचकीत पॉलिश करतात. त्यात अंगठ्याची झीजही जाते आणि कोरीव रेघही बोथट होते. खाचांमधला काळा थर तरी ठेवावा. त्याच्यामुळेच तर कविता वाचता येते.