मोटारीची द्रव्यशुद्धि

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं द्रव्यशुद्धीचें एक स्वतंत्र प्रकरणच लिहून ठेवलें आहे. तांब्यापितळेस क्षार व अम्ल, रेशमी वस्त्रास कांहीं निराळें, मातीच्या भांड्यास पुन्हां भट्टी, असा त्यांचा क्रम आहे. त्यांतील सोंवळ्याओंवळ्याचा भाग घटकाभर बाजूस ठेविला, तरी एक व्यवहाराची गोष्ट उरते, ती ही कीं, वस्तूचा जिन्नस पाहून तिची धुलाई ठरवावी. आमच्या घरांतील स्त्रिया हें तत्त्व कोणीं न शिकवितां पाळतात. पितळेचें गंगाळ चिंच-राखेनें घासणारी गृहिणी ती राख पैठणीस कधीं दाखवीत नाहीं. परंतु दारांत मोटार उभी राहिली कीं घरांतील शिकलेल्या पुरुषमंडळींचा हा विवेक कोठें जातो कोण जाणे! तीं भांडीं घासल्याप्रमाणें मोटार घासतात, आणि जितकें अधिक घासावें तितकी ती अधिक स्वच्छ झाली असें समजतात.

आमच्या स्वतःच्या दारीं मोटार नाहीं. तथापि शाळेंतून निवृत्त झाल्यापासून सकाळचा वेळ आम्ही ओट्यावर काढतों, व समोरच्या आळींत चार-पांच गाड्यांचें अभ्यंगस्नान रोज पाहतों. रावेर हें केळीच्या बागाइतीचें गांव. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी, आणि मध्यें ही काळी जमीन. येथें मोटार येते ती एखाद्या चांगल्या हंगामाच्या पैशानें, नाहीं तर नोकरदाराच्या पांच-सात वर्षांच्या हप्त्यांनीं. ती विकावयाची वेळ आली म्हणजे घेणारा प्रथम रंगाकडे पाहतो, व रंग उतरलेला दिसला कीं किंमतही उतरते. तेव्हां हा विषय क्षुल्लक म्हणून कोणीं नाक मुरडूं नये.

आजच्या मोटारीचा रंग हा नुसता एक रंग नव्हे. पत्र्यावर प्रथम गंज रोखणारा लेप, त्यावर अस्तर, त्यावर खरा रंग, आणि सर्वांच्या वर एक पारदर्शक लेप, अशी ती रचना असते. हे सारे थर मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा अंश. वरचा पारदर्शक लेप त्यांतील सुमारें ४०-५० मायक्रॉनांचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बहुधा पातळ. गाडीची झळाळी राखणें व उन्हापासून खालच्या रंगाचें रक्षण करणें, हीं दोन्ही कामें या एवढ्याशा पदराकडे सोंपविलेलीं आहेत.

आमच्या पिढीनें पाहिलेल्या अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचा साधा रंग असा दुपदरी नसे. त्यांस पॉलिश करूं लागलें म्हणजे फडक्यास गाडीचा रंग लागे, आणि आपण रंगच झिजवीत आहों हें मालकास डोळ्यांनीं दिसे. पारदर्शक लेपाच्या गाडीवरून फडकें फिरविलें तर त्यावर रंग उमटत नाहीं. झीज होतेच, परंतु ती साक्ष देत नाहीं. चूक वर्षानुवर्षें चालूं राहण्याचें एक कारण आम्हांस हेंच दिसतें.

सर्वांत मोठी चूक कोणती म्हणाल, तर कोरड्या फडक्यानें रोज सकाळीं गाडी झाडणें. ही चूक आळसाची नसून टापटिपीची आहे, म्हणून ती सुटण्यास कठीण. धूळ आपणांस मऊ वाटते. पण रस्त्याच्या धुळींत गारेचे सूक्ष्म कण असतात. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीड्रिख मोस यांनीं १८१२ सालीं खनिजांच्या कठीणपणाची जी एक ते दहा अशी पायरी लाविली, तींत गारेचें स्थान सातवें आहे. चाकूचें पातें साडेपांचाच्या आसपास येतें. जो कण पोलादावर ओरखडा काढील, तो फडक्याखालीं सांपडून त्या नाजूक लेपावर रोज फिरला, तर काय होईल हें सांगावयास नको. बारीक वर्तुळाकार रेघांचें कोळिष्टकासारखें जाळें पडतें. तें सावलींत दिसत नाहीं. तिरप्या उन्हांत किंवा रात्रीं दिव्याखालीं मात्र लख्ख उमटतें.

याच जाळ्यावरून गेल्या उन्हाळ्यांत आमच्या आळींत एक तंटा झाला. एका गृहस्थांची काळी मोटार महाविद्यालयांत शिकणारा एक तरुण दर रविवारीं धूत असे. संध्याकाळच्या उन्हांत गृहस्थांस बॉनेटवर रेघा दिसल्या. पोरानें काथ्यानें गाडी घासली असा आरोप ठेवून त्यांनीं त्याचें महिन्याचें वेतन अडकविलें. दोघेही एकेकाळचे आमचे विद्यार्थी; तेव्हां फिर्याद ओट्यावर आली. आम्हीं गाडी पाहिली. बॉनेटवर व दारांवर जाळें होतें, टपावर नव्हतें. तो तरुण सबंध गाडी एकाच पाण्यानें व एकाच फडक्यानें धूत असे, टपासुद्धां. गृहस्थ स्वतः मात्र रोज कचेरीस जाण्यापूर्वीं डिकींतील पिवळें फडकें काढून बॉनेट व दारें कोरडीं पुसत. टपापर्यंत त्यांचा हात पोंचत नसे. न्यायशास्त्रांत यास अन्वय-व्यतिरेक म्हणतात. जेथें कोरडें फडकें तेथें रेघ; जेथें तें नाहीं तेथें रेघही नाहीं; रविवारची धुलाई दोन्ही ठिकाणीं सारखीच. गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. पुढच्या रविवारीं वेतन मिळालें, आरोपाचा शब्द मात्र कोणी परत घेतला नाहीं, आणि तो तरुण आतां दुसऱ्या आळींत गाड्या धुतो. रंगाचे ओरखडे पॉलिशनें कांहीं अंशीं तरी निघतात.

आतां साबणाविषयीं. कपड्यांची पावडर व भांड्यांचा साबण हे तेलकटपणा तोडण्यासाठीं केलेले असतात. गाडीवर मेणाचा जो संरक्षक हात दिलेला असतो, तोही ते काढून नेतात. रॉकेलच्या बोळ्यानें गाडी चमकते खरी, पण ती चमक तेलाची असते, आणि तासाभरांत त्यावर दुप्पट धूळ चिकटते. वाहनांसाठीं मिळणारा सौम्य शांपू एक झांकणभर बादलींत घातला तरी पुरतो.

आमच्या भागांत याहून मोठा शत्रु म्हणजे ऊन आणि कूपनलिकेचें पाणी. मे महिन्यांत खानदेशांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, व उन्हांतल्या पत्र्यावर हात ठेववत नाहीं. अशा तापल्या गाडीवर पाणी ओतलें कीं तें पुसण्यापूर्वींच आटतें, आणि त्यांतील चुन्याचा अंश पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपानें मागें राहतो. पाणी तापविण्याच्या हंड्याच्या बुडाशीं बसणारी जी पुटी आपण पाहतों, तीच ही. पुढें उन्हानें ते ठिपके लेपांत रुजतात. म्हणून धुलाई सूर्योदयाबरोबर किंवा सूर्यास्तानंतर, सावलींत, पत्रा गार असतांना करावी, व पाणी गाडीवर वाळूं देऊं नये. ठिपके पडलेच तर पातळ केलेल्या व्हिनेगरचा ओला बोळा हलकेच फिरवून लगेच स्वच्छ पाण्यानें धुवावें.

केळीचा चीक कपड्यास लागला तर जन्मभर जात नाहीं, हें आमच्याकडील लहान मूलही जाणतें. घड भरलेल्या गाड्यांच्या शेजारीं मोटार उभी केली, व चिकाचा थेंब उडाला, तर तो ओला असतांनाच पुसावा. पक्ष्यांच्या विष्ठेचेंही तसेंच. ती आम्लधर्मी असते आणि उन्हांत लेपास खाते. परंतु ती वाळल्यावर नखानें खरवडणें हा उपाय रोगाहून वाईट. ओलें फडकें तिच्यावर दहा मिनिटें ठेवावें, मग ती आपोआप सुटते.

दसऱ्यास वाहनपूजा होते, ती व्हावी. पण ओल्या हळदीकुंकवाचें स्वस्तिक बॉनेटवर काढून तें चार दिवस उन्हांत ठेवलें, तर पांढऱ्या गाडीवर त्याची खूण राहून जाते. तेंच समोरच्या काचेच्या कोपऱ्यांत काढलें तर देवाची कांहीं तक्रार असणार नाहीं. हाराची तारही रंगाशीं घांसूं देऊं नये.

धुलाईच्या दुकानांत जोराच्या फवाऱ्याची नळी पत्र्यास भिडवितात, तेंही बरें नव्हे. रंगाचा टवका कोठें उडाला असेल तर त्या कडेखालीं पाणी शिरून रंग सुटतो. नळी हातभर तरी दूर धरावी.

राहतां राहिली घरची धुलाई. रावेर-यावलकडे भूजल किती खोल गेलें आहे हें विहीरवाल्यांस सांगावयास नको. तेथें नळी सोडून अर्धा तास गाडी भिजविणें आम्हांस बघवत नाहीं. शेतावरचा पाठीचा फवारणी-पंप याकामीं उत्तम. मात्र तो नवा, याच कामापुरता ठेवलेला असावा. तणनाशक मारलेला पंप येथें आणूं नये, व हा पंप पुन्हां शेतावर नेऊं नये. त्यानें प्रथम वरून खालीं सारी धूळ हात न लावतां उतरवावी. मग दोन बादल्या घ्याव्या. एकींत शांपूचें पाणी, दुसरींत साधें. मऊ मायक्रोफायबरचें फडकें शांपूंत बुडवून सरळ रेषेंत फिरवावें, आणि पुन्हां बुडविण्यापूर्वीं साध्या पाण्यांत खळबळून घ्यावें, म्हणजे रेती त्या बादलीच्या तळाशीं राहते. फडकें जमिनीवर पडलें तर तें त्या दिवसापुरतें बाद समजावें. पंपानें साबण उतरवून दुसऱ्या स्वच्छ फडक्यानें पाणी टिपून घ्यावें. चाकें सर्वांत शेवटीं, कारण ब्रेकची झिजलेली लोखंडी भुकटी तेथें असते. त्यांचें फडकें निराळें ठेवावें, व तें ओळखूं यावें म्हणून त्याच्या एका कोपऱ्यास गांठ मारून ठेवावी.