मागून चौघं येतायत

'एकट्याच?'

सायकलवरून लांब निघालेल्या मुलीला सगळ्यात जास्त दमवतं काय? घाट? ऊन? छे! हा प्रश्न.

खरं तर आम्ही पाच जण जाणार होतो. शुक्रवार ते सोमवार, अलिबाग ते दाभोळ, किनाऱ्याकिनाऱ्याने. मग एकाचं अप्रेझल आडवं आलं, एकीला व्हायरल झाला, उरलेल्या दोघांनी 'नेक्स्ट टाइम नक्की' म्हणत टांग दिली. माझी रजा मंजूर होती, सायकल सर्व्हिसिंग होऊन आली होती. निघाले. आईला मात्र यातलं काहीच सांगितलं नाही. तिच्या लेखी आम्ही पाच जण होतो.

ही गोष्ट तिसऱ्या दिवसाची, रविवारची. श्रीवर्धन ते हर्णै, साधारण ७० किलोमीटर. आकड्यावर जाऊ नका. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, असं कोकणात नसतं. खाडी आली की खाली उतरायचं, पलीकडे जायचं आणि पुन्हा डोंगर चढायचा. दिवसभर हेच.

सकाळी सहाला श्रीवर्धन सोडलं. पहिल्याच टपरीवर चहा ओतता ओतता प्रश्न आला, "एकट्याच?" मी ठोकून दिलं, "नाही, मागून चौघं येतायत." हरिहरेश्वरला तेच. बागमांडल्याच्या जेटीवर तेच. सावित्री नदी इथे समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. फेरीबोटीत जीप, टेम्पो, बाइक्स आणि कोपऱ्यात माझी सायकल. तिकीटवाले काळजीने म्हणाले, "तुमच्या माणसांसाठी थांबायचं नाही?" "ती पुढच्या बोटीने येतील." एव्हाना त्या चौघांच्या टी-शर्टचे रंगसुद्धा मला दिसायला लागले होते.

वेश्वीला उतरले आणि पुढे चढ सुरू झाला. सगळ्यात हलका गिअर टाकला तरी मांड्या पेटल्या. दोनदा उतरून सायकल ढकलली. दोन्ही बाजूंना जांभ्याचा उघडा सडा, सावलीचं नाव नाही, बाटलीतलं पाणी गरम झालेलं. मध्येच लक्षात आलं, मी सारखी मागे वळून बघतेय. गाड्यांसाठी नाही. कुणी येतंय का, ते बघायला.

केळशीत पोचले तेव्हा एक वाजला होता. एका घराबाहेर 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी. काकू ओसरीवरच बसल्या होत्या.

"एकटीच?"

"नाही, मागून चौघं येतायत."

"बरं. बस, पाच पानांचं बघते," म्हणत त्या आत गेल्या.

झाली का पंचाईत! आतून नारळ खवण्याचा आवाज येत होता. अर्धा तास मी ओसरीवर नुसती चुळबुळ करत बसले. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. "काकू, सॉरी. चौघं नाहीयेत. मी एकटीच आहे."

त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "अगो, कळलं मला. आल्यापासून एकदा तरी फोन लावून 'कुठे पोचलात' विचारलंस का त्यांना? एकीपुरताच भात टाकलाय."

मग वाढता वाढता त्या बोलत राहिल्या. "२०२० च्या निसर्ग वादळात मी पण एकटीच होत्ये ह्या घरात. कौलं उडत होती, वाडीतल्या पोफळी आडव्या होत होत्या. मुलाचा मुंबईहून फोन आला. त्याला म्हटलं, शेजारच्या आल्यात सोबतीला. मग फोनच बंद पडला."

"आणि शेजारच्या?"

"त्या कुठल्या येतायत! त्यांचंच छप्पर गेलेलं." सोलकढीची वाटी माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "त्याला अजून तेच माहितेय."

यावर काय बोलायचं असतं, मला कळलं नाही. मी आणखी भात मागितला.

निघताना त्यांनी दोन्ही बाटल्या भरून दिल्या. "परक्या माणसाला थाप मारलीस ते बरोबरच केलंस. पण आपल्या एका माणसाला तरी खरं ठाऊक असू दे हो. आणि पोचलीस की मला फोन कर."

आडे, आंजर्ले... चढ सकाळइतकेच वाईट होते. पण या वेळी मागे वळून बघितलं नाही. हर्णै बंदरावर पोचले तेव्हा मासळीचा लिलाव रंगात आला होता आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग काळा पडत चालला होता. गलक्यापासून जरा लांब जाऊन फोन काढला. पहिला फोन काकूंना. दुसरा आईला.

"आई, ऐक ना. ग्रुप वगैरे काही नाहीये. मी एकटीच आलेय."

पलीकडे शांतता. मी ओरडा खायच्या तयारीत.

"तीन दिवस फोटो पाठवतेयस," आई म्हणाली. "सगळ्यांत सायकल आहे, तू एकातही नाहीस. काढायला कुणी असतं तर दिसली असतीस ना!"

मी गप्प.

"उद्या किती वाजता निघणार आहेस?"