जोर कशात असतो?

नंदुरबारच्या आमच्या शाळेत मी मुलांना फुटबॉल शिकवतो. "सर, आमच्याकडे बूट नाहीत. फटक्याला जोर कसा येणार?" असे मुले विचारतात. मी त्यांना मोहन बागान संघाची हकिकत सांगतो. १९११ साली कोलकात्यात या संघाने ब्रिटिश पलटणीच्या संघाला २-१ असे हरवले. त्याचे बहुतेक खेळाडू अनवाणी होते!

मग सराव सुरू होतो. एक पाय चेंडूशेजारी घट्ट रोवा. दुसऱ्या पायाचा घोटा ताठ ठेवा. घोटा सैल राहिला, की जोर वाया जातो. नजर चेंडूवर ठेवा. बोटांनी नव्हे, पावलाच्या वरच्या भागाने चेंडूच्या मध्यावर मारा.

आमच्या संघातील सर्वांत किरकोळ मुलाचा फटका आज सर्वांत जोरदार आहे. तो रोज सराव करतो.