पोटाची गोष्ट

परवा औषधांचं कपाट आवरताना इसबगोलाचा डबा सापडला, आणि २०१९ चा तो आठवडा आठवला...

आत्याचे उपचार सांगलीला चालले होते, राहायला ती साताऱ्यात. मॉर्फिन सुरू झालं तेव्हा घरात एकच भीती : सवय लागेल. चार-चार तासांनी गोळी. त्यातली एखादी आतोबा गुपचूप गाळायचे. सुरुवातीला मळमळ, डोळ्यांवर झापड. तीन-चार दिवसांत ते ओसरलं. म्हटलं, सुटलो!

कसलं काय. पाच दिवस पोट साफ नव्हतं, आणि आत्या लाजून बोललीच नाही. (आम्ही तरी कुठे विचारलं?) पोट फुगलं, जेवण सुटलं, आम्हाला वाटलं, आजारच वाढला. सांगलीला फोन केला, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न पोटाचाच. या औषधानं आतड्यांची हालचाल मंदावते, आणि मळमळीसारखी त्याची शरीराला सवय होत नाही. रेचक पहिल्या दिवसापासूनच हवं होतं. इसबगोल नको म्हणाले. पाणी कमी पिणाऱ्याला ते उलट अडतं. मग सोनामुखीच्या गोळ्या आणल्या.

शनिवारी आत्यानं पिठलं-भाकरी मागितली. आतोबा मात्र मॉर्फिनच्या गोळ्या मोजतच होते.